हिंगणा रोडवर उघडलेली रोल्स-रॉईस

नागपूरला कशाला गेली होतीस असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, एक गाडी बघायला. चालू गाडी नाही, उघडलेली. १९३४ ची रोल्स-रॉईस, २०/२५ मॉडेल, इंजिन एका स्टँडवर, दारं भिंतीला टेकवलेली, सीटा शेजारच्या खोलीत आणि मधोमध नुसती चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. माझ्या आतेभावाच्या ओळखीतलं एक घर आहे, कापसाच्या व्यापारातलं जुनं घर, त्यांच्या आजोबांनी पन्नासच्या दशकात छत्तीसगडकडच्या एका छोट्या संस्थानिकांकडून ही गाडी घेतली, काही वर्षं वापरली, मग ती गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. आता नातवंडांनी ती करायला काढली आहे. आतेभावाचा फोन आला, "ताई, तू येऊन जा ना, तुले आवडते हे सगळं, एकदा जोडून झाली की मंग आतलं काही दिसत नाही पाहा."

मला खरंच आवडतं. बाबा वाळूजला टर्नर होते, लेथवर काम करायचे, त्यामुळे लोखंडाला फिनिश म्हणजे काय हे मला लहानपणापासून बोटांना माहितीये. रोल्स-रॉईसबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते सगळं पैशाचं असतं, किती कोटींची, कोणत्या सेलिब्रिटीने घेतली, नंबर कितीला पडला वगैरे. मला ती बनवतात कशी आणि इतकी टिकते का हे बघायचं होतं, आणि त्यासाठी शोरूमपेक्षा गॅरेज बरं.

डिसेंबरात निघालो. संभाजीनगरहून समृद्धीला लागलं की नागपूरपर्यंत थांबायचं कारणच नाही, जालना गेलं, मेहकर गेलं, कारंजा गेलं, दोन्ही बाजूला तूर आणि वेचणीचा कापूस, वर्ध्याच्या अलीकडे उन्हं कलली आणि शिवमडक्याला रस्ता संपला तेव्हा अंधार पडत होता. हा जो शेवट आहे ना समृद्धीचा तो हिंगणा तालुक्यातच येतो, त्यामुळे गॅरेज तसं वाटेवरच होतं, पण आत्याचा फोन आला की आधी घरी या, जेवा, गाडी कुठे पळून जाते का. धरमपेठेत पोचलो तर थंडी चांगलीच होती. नागपूरची थंडी लोक धरतच नाहीत, सगळे उन्हाळ्याचंच बोलतात.

सकाळी तर्री पोहे. यावर मी जास्त लिहीत नाही कारण त्यावर खूप जणांनी लिहिलंय, फक्त एवढंच की चण्याची तर्री पोह्यांवर ओतून घ्या, वाटीत बाजूला मागू नका, पोहेवाले काका दुखावतात.

गॅरेज म्हणजे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावरचं एक साधं शेड. बाहेर बोर्ड नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा वास येतो, रॉकेल, सागाचा भुसा आणि लाखेचं पॉलिश यांचा मिळून. इथले मुख्य मिस्त्रीकाका सत्तरीचे आहेत, पोरगे असताना सीताबर्डीच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसायला लागले आणि तिथूनच सगळं शिकले. बोलायला एकदम मोकळे. मी काही विचारायच्या आतच त्यांनी एक स्टीलची फूटपट्टी हातात दिली आणि म्हणाले, "हे घ्या जी, अन् त्या रेडिएटरच्या तोंडावर उभी धरा."

रेडिएटर टेबलावर ठेवलेला होता. तोच तो, देवळाच्या दर्शनी भागाच्या धाटणीचा, वर त्रिकोणी माथा आणि खाली उभे खांब. मी पट्टी धरली. दिसायला तो अगदी सपाट, धारदार, काटकोनात. पण पट्टी मधे टेकली आणि वर-खाली दोन्ही टोकांना बारीक उजेड दिसायला लागला. काकांनी मागून बॅटरी धरली तेव्हा तो उजेड अजून स्पष्ट झाला. म्हणजे पत्रा सपाट नाहीये, मधे केसभर फुगवलेला आहे, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. एकदम सपाट केला तर डोळ्याला तो मधे आत गेल्याचा भास होतो, म्हणून उलट बाजूने थोडा फुगवटा द्यायचा. ग्रीक लोकांनी पार्थेनॉनच्या खांबांना हेच केलंय, त्याला एंटासिस म्हणतात. आणि हे मशीनने ठोकून काढलेलं नाही, कोणीतरी माणसाने पत्रा कापून, वाकवून, हाताने डाख देऊन, डोळ्याने बघत बघत केलेलं आहे, इंग्लंडमध्ये कंपनीच्या डर्बीच्या कारखान्यात, नव्वद वर्षांपूर्वी.

काका म्हणाले, "मी याले बफ मारू देत नाही पोराहिले. बफवाला आला की पहिले सगळं सपाट करते. मंग गाडी पाहाले गेलं तर काहीतरी चुकल्यावानी वाटते, पण काय चुकलं ते कोणाले सांगता येत नाही."

ते बोलले आणि मी ती पट्टी परत परत लावून बघत राहिले. मला वाटतं पूर्ण प्रवासात मला सगळ्यात जास्त काय मिळालं तर हे.

आता थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हेन्री रॉईस हा माणूस काही श्रीमंत घरातला नव्हता. १८६३ चा जन्म, वडील गिरणीवाले, धंदा बुडाला, पोराने पेपर विकले, तारा पोचवल्या, मग पीटरबरोला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागला आणि पैसे संपले म्हणून ते पण अर्धवट राहिलं. १८८४ ला मँचेस्टरमध्ये कुक स्ट्रीटवर छोटा कारखाना काढला, विजेच्या घंट्या, डायनामो, नंतर क्रेन. मग त्याने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली, डेकोव्हिल नावाची, आणि ती त्याला पटेना. मग उघडली. एकेक पार्ट बघितला, याच्यापेक्षा चांगला मी बनवतो म्हणाला आणि १९०४ मध्ये दोन सिलेंडरची स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. दुसरीकडे चार्ल्स रोल्स, हा सरदार घराण्यातला, केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा आणि त्याला विकायला एक चांगली इंग्लिश गाडी हवी होती. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलमध्ये दोघं भेटले आणि ठरलं की रॉईस जेवढ्या गाड्या बनवेल तेवढ्या सगळ्या रोल्स विकेल. १९०६ ला कंपनी झाली. रोल्स बिचारा १९१० मध्येच गेला, बत्तीस वर्षांचा होता, बोर्नमथला विमान उडवताना शेपटी मोडली आणि कोसळला. यंत्राच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला ब्रिटिश माणूस.

या दोघांमधला तिसरा माणूस लोक विसरतात, क्लॉड जॉन्सन. तो कंपनीचा कारभार बघायचा. त्याने १९०७ मध्ये ४०/५० मॉडेलची एक गाडी चंदेरी रंगात रंगवून घेतली, सामानाला चांदीचा मुलामा दिला, नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट, आणि ती लंडन ते ग्लासगो अशी इकडून तिकडे पळवत ठेवली, पंधरा हजार मैल, सोबत ऑटोमोबाईल क्लबचे निरीक्षक बसलेले. त्यातले १४,३७१ मैल गाडी स्वतःहून एकदाही बंद पडली नाही. हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतरची आहे, ती गाडी त्यांनी सगळ्यांसमोर पूर्ण उघडली, कोणता पार्ट किती झिजला ते मोजून घेतलं, आणि परत नव्यासारखी करायला जे पार्ट बदलावे लागले त्याचा खर्च दोन पौंडांच्या थोडा वर आला. विचार करा, रस्ते तेव्हाचे, टायर तेव्हाचे.

आणि आपल्याकडचं ऐका. पुढच्याच वर्षी, १९०८ ला, मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली, घाटातून, आणि त्यात एक सिल्व्हर घोस्ट उतरवली होती, पर्ल ऑफ द ईस्ट नावाची. ती तिथे चमकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. म्हणजे शिंद्यांनी. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांमध्ये या गाडीचं जे वेड पसरलं त्याच्या सुरुवातीला आपल्या सह्याद्रीचे घाट आहेत हे मला कुठेतरी फार छान वाटतं. नंतर काय काय झालं, हैदराबादच्या निजामासाठी तर बार्कर या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने पिवळ्या रंगाची सिंहासन असलेली सिल्व्हर घोस्ट बनवली, ती चौमहल्ला पॅलेसमध्ये ठेवलेली आहे, नागपूरहून हैदराबाद एका रात्रीचा प्रवास आहे, जमलं तर बघा. कोटाच्या महाराजांची शिकारीसाठी बंदूक बसवलेली १९२५ ची फँटम, म्हणजे रोल्स-रॉईसचंच मोठं मॉडेल, ती पण बार्करचीच.

इथे एक गोष्ट लिहून टाकते, व्हॉट्सअॅपवर जी फिरते ना, महाराजांचा लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून त्यांनी गाड्या विकत घेऊन कचरा उचलायला लावल्या, ती गोष्ट कधी अलवरच्या नावाने येते कधी पतियाळाच्या कधी हैदराबादच्या, आणि कुठेच धड पुरावा नाही. खऱ्या गोष्टी इतक्या आहेत की ती नसली तरी चालते.

परत गॅरेजमध्ये. काकांनी चेसिसचा एक बोल्ट काढून हातात दिला. चौकोनी डोक्याचा, आणि बारकाईने बघितलं तर खाली निमुळता होत गेलेला. मी बाबांच्या लेथवर टेपर बघितलेत, पण चेसिसच्या बोल्टला टेपर? तर गंमत अशी की बाकीचे लोक चेसिस रिवेटने जोडायचे, तापवलेला रिवेट भोकात घालून ठोकायचा, स्वस्त आणि पटकन होतं, पण खड्ड्यांतून गाडी चालून चालून काही वर्षांनी तो हलायला लागतो, आणि काढायचा तर छिन्नीने तोडावाच लागतो. रॉईसला हे मान्य नव्हतं. त्याने भोकच निमुळतं रीमर करायला लावलं आणि बोल्ट त्याच मापात टेपर घासायला लावला, मग नट आवळत गेलं की बोल्ट आत ओढला जातो आणि सगळ्या अंगाने भोकाला धरतो, जात्यातल्या ठोकलेल्या खुंट्यासारखा. हलायला जागाच नाही. आणि काढायचा असेल तेव्हा नट सोडायचा, मागून हलकी ठोक द्यायची, निघाला.

"नव्वद साल झाले जी," काका म्हणाले, "मी नट सोडला, तांब्याच्या हातोडीनं टकटक केलं अन् बोल्ट माह्या हातात. आतून पाहा, जंग नाही."

खरंच नव्हता. आतली बाजू स्वच्छ, घासल्याच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. काही बोल्ट मात्र मधल्या काळात कोणीतरी काढून साधे घातलेले होते, त्या जागी भोकं वाढलेली, आणि ते नवे टेपर बोल्ट काका शेजारच्या लेथवर बनवून घेताहेत. पद्धत बघितली मी. बोल्टला निळा रंग पुसायचा, मार्किंग ब्लू, भोकात घालून फिरवायचा, बाहेर काढून बघायचं निळं कुठे पुसलं गेलं, जिथे पुसलं तिथे तो टेकतोय, बाकी ठिकाणी टेकत नाहीये, मग परत घासायचा, परत निळा लावायचा. असं करत करत निळा सगळीकडून सारखा पुसला गेला की मगच तो बोल्ट त्या भोकाचा. दुसऱ्या भोकात चालणार नाही, म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. एक पोरगा, असेल वीस-एकवीसचा, सकाळपासून तेच करत होता, आणि त्याला कंटाळा आलाय असं अजिबात दिसत नव्हतं. मी त्याला विचारलं किती वेळ लागतो एका बोल्टला. म्हणाला, "जेवढा लागन तेवढा, ताई."

इथे मला जे कळलं ते मी नीट लिहायचा प्रयत्न करते. आपण कारागिरी म्हटलं की वरची चमक बघतो, लाकूड, लेदर, रेडिएटरवरची ती चांदीची बाई. पण ही गाडी नव्वद वर्षांनी हिंगणा रोडवर दुरुस्त होऊ शकते याचं कारण रॉईसने ती उघडता यावी अशी बनवली. पुढे कधीतरी कोणीतरी ही उघडेल, त्याच्याकडे पाना असेल, डोकं असेल, त्याला हे जमलं पाहिजे, हा विचार प्रत्येक जोडावर केलेला दिसतो. डर्बीचा तो फिटर आणि इथला तो पोरगा यांची कधी भेट होणं शक्य नाही, पण काम दोघांचं एकच आहे. वारसा वारसा म्हणून जाहिरातीत जे असतं त्यापेक्षा मला तो त्या निळ्या लागलेल्या बोटांमध्ये जास्त दिसला.

तेव्हाच्या रोल्स-रॉईसबद्दल अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंपनी पूर्ण गाडी विकायचीच नाही. डर्बीहून निघायची ती फक्त चेसिस, इंजिन, रेडिएटर वगैरे, चाचणी घेतलेली. बॉडी गिऱ्हाईकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची, हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबरली, हे मुळात बग्ग्या बनवणाऱ्यांच्या परंपरेतले लोक. ही जी नागपूरची गाडी आहे तिच्या दाराच्या उंबऱ्यावर हूपरची पट्टी आहे. म्हणून एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या तर वेगवेगळ्या दिसतात. २०/२५ मॉडेल १९२९ ते १९३६ बनलं, अडतीसशेच्या वर चेसिस निघाल्या, सहा सिलेंडर, ३,६६९ सीसी, आणि ही फँटमपेक्षा लहान गाडी, मालकाने स्वतः चालवायची म्हणून काढलेली. स्टीअरिंगच्या मधोमध छोटे छोटे खटके आहेत, इग्निशन लवकर की उशिरा, मिश्रण पातळ की दाट, इंजिनचा वेग. कॉइल इग्निशन बंद पडलंच तर म्हणून वर एक राखीव मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं वेगळं यंत्र, दिलाय. ब्रेक दाबला की गिअरबॉक्सवरून फिरणारा सर्व्हो ब्रेक लावायला मदत करतो, म्हणजे गाडीचाच वेग वापरून गाडी थांबवायची, हे मला काकांनी हाताने फिरवून दाखवलं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली.

बॉडीचा सांगाडा लाकडाचा असतो, वर पत्रा. इंग्लंडमध्ये त्यासाठी अॅशचं लाकूड वापरायचे, चिवट आणि वाकतं. पण त्या लाकडाने नागपूरचे उन्हाळे काढलेत, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर आणि लगेच जूनमध्ये पाऊस, लाकूड आकसतं, फुगतं, सांधे सुटतात. मागच्या बाजूचा बराच सांगाडा भुसभुशीत झाला होता. तिथे आता साग घातलाय, चंद्रपूरकडचा. आपल्या विदर्भाच्या सागाला तोड नाहीच, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना बल्लारपूरहून साग गेला, नव्या संसदेलाही नागपूरचा साग वापरलाय. सुतारकाका मात्र यावर खूश नव्हते, म्हणाले साग टिकंल पण अॅशसारखा लवचिक नाही, म्हणून जिथे जुनं लाकूड वाचण्यासारखं आहे तिथे त्यांनी तेवढाच कुजका तुकडा कापून खाचेत नवा बसवलाय, पूर्ण पट्टी बदलली नाही. सांधा इतका बारीक की नख फिरवलं तरी लागत नाही. हँडल आणि बिजागऱ्यांच्या पितळी ओतकामासाठी मात्र भंडाऱ्याला जावं लागतं, तिथे पितळेचे जुने कारागीर अजून आहेत.

दुपारी इंजिन. ब्लॉकच्या मागच्या भागात पाण्याच्या वाटेत नव्वद वर्षांचा गाळ बसलेला होता, घट्ट, चमच्याने खरवडून काढलेला, तो काकांनी एका डब्यात ठेवलाय, आल्या-गेल्याला दाखवतात. डायलवरचं सगळं शाबूत आहे. रेडिएटरवरचे दोन आर काळे आहेत, आणि मालकांच्या घरी सगळे सांगतात की रॉईस वारले म्हणून सुतक पाळायला लालचे काळे केले. ही गोष्ट जगभर सांगतात, पण रॉईस एप्रिल १९३३ मध्ये गेले आणि रंग बदलायचं त्यांच्या हयातीतच ठरलं होतं. मी हे सांगितल्यावर मालकांच्या आई थोड्या नाराज झाल्या, मग म्हणाल्या, "असो, पण काळेच शोभतात."

या गाडीवरची बाई, म्हणजे स्पिरिट ऑफ एक्स्टसी, गुडघे टेकलेली आहे. १९३४ पासून अशी गुडघ्यावर बसलेली मूर्ती पण यायला लागली, गाड्या ठेंगण्या व्हायला लागल्या होत्या आणि उभी मूर्ती ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येत होती म्हणून. मूळ उभी मूर्ती चार्ल्स साईक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये केली. तिच्यासाठी एलिनॉर थॉर्नटन ही मॉडेल म्हणून समोर होती असं मानतात, लॉर्ड माँटेग्यू यांची सेक्रेटरी, आणि त्यांचं प्रेमही होतं. डिसेंबर १९१५ मध्ये माँटेग्यू यांना हिंदुस्थानात मोटार वाहतुकीच्या कामासाठी नेमलं होतं, ही त्यांच्यासोबत निघाली, पर्शिया नावाच्या बोटीवर, मुंबईला येणाऱ्या. ३० डिसेंबरला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, बोट काही मिनिटांत बुडाली. माँटेग्यू वाचले, ती नाही. मूर्ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेली होती, मालकांच्या धाकट्या सुनेने काढून दाखवली आणि तिला ही गोष्ट माहिती नव्हती. सांगून झाल्यावर तिने ती परत गुंडाळली नाही, तशीच शोकेसमध्ये उभी करून ठेवली.

संध्याकाळी आम्ही सिव्हिल लाइन्सकडून आलो, अधिवेशन चालू होतं त्यामुळे विधानभवनाकडचे रस्ते बंद, झिरो माईलपाशी बॅरिकेड, पोलीस, मोर्चेवाले, आतेभाऊ गल्ल्या काढत काढत नेत होता. रात्री सावजी. मी तिखटाला घाबरत नाही पण सावजी मटणाचं तिखट जिभेला नाही लागत, घशाच्या खाली गेल्यावर कळतं. वरून आंबिया बहाराची संत्री, आत्याने करंडाच काढून ठेवला होता, सोलत सोलत बारा वाजेपर्यंत गाडीच्याच गप्पा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबले ते रेघवाल्या पेंटरदादांसाठी. हे आधी ट्रकच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर काम गेलं, आता जुन्या गाड्यांवर बाजूने जी बारीक रेघ असते, कोचलाइन, ती हाताने काढतात. अजून या गाडीला रंग लागायचाय, पण एका जुन्या मडगार्डावर त्यांनी काढून दाखवली. लांब केसांचा मऊ ब्रश, रंगात बुडवून काचेवर ओढून ओढून जास्तीचा रंग काढायचा, मग करंगळी पत्र्याच्या कडेला टेकवून पूर्ण हात खांद्यातून सरकवायचा, मनगट हलवायचं नाही. श्वास धरायचा का विचारलं तर म्हणाले, "नाही ताई, श्वास धरला की हात कापतो. हळू सोडायचा." रेघ आली, एकसारखी, वळणावर पण जाड-बारीक झाली नाही.

इंग्लंडमध्ये आज गुडवूडला, जिथे २००३ पासून नव्या रोल्स-रॉईस बनतात, तिथेही ही रेघ हातानेच काढतात. पूर्ण कारखान्यात रोबो रंग मारतात आणि रेघ मात्र माणूस काढतो, खारीच्या आणि बैलाच्या केसांचा ब्रश घेऊन, साधारण तीन मिलिमीटर रुंद आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता कंपनी बीएमडब्ल्यूची आहे, विमानाची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉईस वेगळी झाली त्याला पन्नास वर्षं झाली. नव्या फँटममध्ये छताला हजाराच्या वर बारीक दिवे हाताने बसवून तारांगण करतात, चामडं थंड डोंगराळ भागातल्या बैलांचं घेतात कारण तिथे किडे कमी चावतात आणि काटेरी तारांचे ओरखडे नसतात, चाक फिरलं तरी मधलं आरआर सरळच राहतं. मला यातलं सगळं सारखंच भिडत नाही. तारांगण छान आहे, पण तो थाट झाला. लाकडाचं मात्र आवडलं, एका गाडीतलं सगळं व्हेनिअर, म्हणजे वर चिकटवायचा लाकडाचा पातळ थर, एकाच झाडाच्या खोडाचं असतं, डाव्या दाराची नक्षी उजव्या दाराला आरशात बघितल्यागत जुळते. आणि रेघ तर आहेच. पण उद्या, २१०० साली, या नव्या गाडीतलं कॉम्प्युटरचं काही बिघडलं तर हिंगणा रोडवरच्या कोणत्या पोराला ते उघडता येईल हे मला खरंच दिसत नाही, आणि रॉईसच्या गाडीबद्दल असा प्रश्न पडावा याचं वाईट वाटतं.

निघताना मालकांनी एक कागद दाखवला. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लब आहे, त्यांच्याकडे महायुद्धाआधीच्या गाड्यांची चेसिस कार्डं जपलेली आहेत, आपला चेसिस नंबर कळवला की त्याची प्रत मिळते. या गाडीच्या कार्डावर पहिल्या गिऱ्हाईकाच्या मागण्या लिहिलेल्या आहेत, गाडी हिंदुस्थानात वापरायची आहे, रस्ते खराब आहेत, स्प्रिंग त्या हिशोबाने द्याव्यात, वगैरे. काकांनी ती नोंद बघूनच स्प्रिंगचे पाटे बदलले नाहीत, आधी त्यांना वाटत होतं की मधे कोणीतरी जाडे घातलेत.

तर ज्यांच्या घरी, वाड्यात, गोडाऊनमध्ये अशी जुनी गाडी पडून असेल, कोणत्याही कंपनीची असो, त्यांनी रंगाला किंवा पत्र्याला हात लावायच्या आधी सगळीकडून फोटो काढा, नंबर उतरवून घ्या, उघडलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर कुठला ते लिहा, आणि भंगारवाल्याला छोटं सामान देऊ नका. या नागपूरच्या गाडीचा मागचा मूळ दिवा गायब आहे, तो कसा होता हे कळायला एकही फोटो नाही. १९३५ ते ५५ च्या दरम्यान नागपूर, रायपूर, राजनांदगाव, भंडारा भागात कोणाच्या लग्नाच्या किंवा मिरवणुकीच्या अल्बममध्ये हूपर बॉडीची, गडद हिरवी, काळे मडगार्ड असलेली रोल्स-रॉईस मागून दिसत असेल तर मला जरूर कळवा, मी काकांपर्यंत पोचवते. दिव्याचा पत्रा त्यांनी आणून ठेवलाय, कापायचा थांबलाय.